मियाँ मंजूचें निमंत्रण

मोठें साम्राज्य मोडलें म्हणजे त्यांतून निघालेल्या राज्यांत गृहकलह माजतो, आणि एखादा पक्ष बाहेरच्या बलाढ्य सत्तेस पत्र लिहून घरांत बोलावितो, हा प्रकार दक्षिणेच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. अशा निमंत्रणपत्रास पुरावा म्हणून किती वजन द्यावें, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारांत घेतों.

बहामनी सत्ता खिळखिळी होतांच इ. स. १४९० त मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली. १५९५ त तिच्या राजधानीवर, म्हणजे अहमदनगरावर (आतांचें अहिल्यानगर), हा प्रसंग आला. दुसरा बुऱ्हाण निजामशहा वारला व त्याचा पुत्र इब्राहीम त्याच वर्षीं विजापूरकरांशीं लढतांना पडला. वजीर मियाँ मंजू यानें अहमद नांवाचा मुलगा राजवंशांतला म्हणून गादीवर बसविला. हबशी सरदारांस तें मान्य झालें नाहीं. चांदबीबीनें इब्राहीमाच्या तान्ह्या पुत्राचा, बहादुराचा, पक्ष धरिला. हबशांनीं कोंडी करितांच मंजूनें गुजराथेंतून शहाजादा मुरादास बोलाविलें. पुढें प्रतिपक्ष हटला व मंजूस पश्चात्ताप झाला. परंतु निघालेली फौज परतली नाहीं. डिसेंबर १५९५ त शहरास वेढा पडला. चांदबीबीनें किल्ला झुंजविला, तरी १५९६ च्या तहांत वऱ्हाड गेलेंच.

यावरून सर्व दोष मंजूच्या माथीं मारणें आम्हांस मान्य नाहीं. अकबराचे वकील १५९१ तच दक्षिणेच्या दरबारांकडे निघाले होते. मोंगलांची इच्छा पत्राहून चार वर्षांनीं जुनी. पत्र हें कारण नव्हे, निमित्त होय.

हीच कसोटी आपल्या काळच्या एका कागदास लावून पाहूं. सोव्हिएट संघ १९९१ त मोडून पंधरा राज्यें झालीं. त्यांपैकीं युक्रेनच्या राजधानींत निदर्शनें व रक्तपात होऊन फेब्रुवारी २०१४ त अध्यक्ष यानुकोविच पळाले. ३ मार्च रोजीं रशियाच्या प्रतिनिधीनें राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितींत त्यांचें लष्करी साहाय्य मागणारें पत्र दाखविलें. त्यावर तारीख १ मार्चची. परंतु क्रिमियाचें विधिमंडळ सशस्त्र रशियन सैनिकांनीं २७ फेब्रुवारीसच घेतलें होतें! उलटपक्षीं, जानेवारी २०२२ त कझाकस्तानच्या अध्यक्षांनीं दंगे शमविण्यास बोलाविलेल्या रशियाप्रमुख फौजा त्याच महिन्यांत परतल्या. निमंत्रण दोन्हीं ठिकाणीं होतें; फळ मात्र येणाऱ्याच्या हेतूप्रमाणें निराळें झालें.

निमंत्रण देणारा मंजू विजापूरच्या आश्रयास जाऊन वांचला. चांदबीबीनें मात्र १६०० त किल्ला टिकत नाहीं असें पाहून मोंगलांशीं तहाचें बोलणें आरंभिलें, तेव्हां फितुरीच्या संशयानें तिच्याच लोकांनीं तिला ठार केलें. किल्लाही लौकरच पडला. क्षुब्ध जमावास तारखा ताडून पाहण्यास सवड नसते. संशोधकास ती असते. यास्तव संग्राहकांस आमची विनंति कीं, असें पत्र हातीं आल्यास त्यावरील मित्ति व पोंचल्याची नोंद जपावी, आणि फौजेच्या कुचाची तारीख ताडून पाहिल्यावांचून कोणासही फितूर ठरवूं नये.