रुळांवरचे रान

उत्तर लंडनमधील पुष्कळ मराठी मंडळींच्या परिचयाची 'पार्कलँड वॉक' ही पायवाट दोन तुकड्यांत मिळून सुमारे ५ किलोमीटर आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी तिथे नेतो, तेव्हा "हे मूळचे जंगल का?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१८६७ मध्ये फिन्सबरी पार्कहून हायगेटमार्गे आगगाडी धावू लागली. १८७३ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत फाटा निघाला. पुढे हा मार्ग भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनला जोडायचे ठरले. पण महायुद्धाने काम थांबले. १९५४ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि १९७० नंतर रूळही उखडले गेले. १९८० च्या दशकाअखेरीस येथून मोटाररस्ता नेण्याचा घाट घातला गेला. रहिवाशांनी विरोध केला. वाट वाचली आणि १९९० मध्ये तिला स्थानिक निसर्ग-राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

गंमत अशी, की वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी वणवा पेटू नये म्हणून रेल्वेचे कामगार रुळांलगतच्या उतारांवरचे गवत-झुडूप कापत असत. त्यामुळे तिथे रानफुलांचा माळ नकळत टिकला. गाड्या गेल्या, विळेही गेले, आणि मोकळ्या जागेत सिकॅमोर माजले. हे झाड मूळचे मध्य व दक्षिण युरोपातले. त्याच्या दाट सावलीत गवत तग धरत नाही. १९३० च्या दशकापासून इंग्लंड-वेल्समधील सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणे नाहीशी झाली असताना असा तुकडाही मोलाचा ठरतो. म्हणून स्वयंसेवक काही झाडे तोडतात, काटेरी झुडपे काढतात आणि कापलेले गवत उचलून नेतात. ते तिथेच कुजले तर माती कसदार होऊन दांडगे गवत नाजूक फुलांना हटवते.

वाटेच्या दोन तुकड्यांमधल्या हायगेट वुड आणि क्वीन्स वुड या जुन्या वनांचीही कथा अशीच. तिथले हॉर्नबीम शतकानुशतके पाळीपाळीने बुंध्यापाशी तोडले जात. नवे फुटवे येईपर्यंत जमिनीला ऊन मिळे आणि वसंतात फुले येत. तोड थांबली तसा खाली अंधार झाला.

देवराईतली काडीही मोडू नये, अशा संस्कारात वाढलेल्या आपल्या मनाला करवत खटकते. मलाही खटकते. परंतु आपल्याकडचा माळढोक आठवावा. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याचे अभयारण्य आहे. त्याला उघडा माळ लागतो. तिथे दाट झाडे लावली तर त्याचे घरच मोडते. देवराई हात न लावल्याने टिकते, माळ मात्र राबता हात मागतो.

तेव्हा मंडळी, पार्कलँड वॉकवर कुणी झाड तोडताना दिसले, तर रागावण्याआधी थांबून कारण विचारावे. जमल्यास एखाद्या रविवारी गवत उचलायला हातही लावावा.