मराठी वंशावळींतील पाळण्याचीं नांवें

मराठ्यांच्या जुन्या वंशावळी व पत्रें चाळणारास एक अडचण पदोपदीं भासते. एकाच कुळांत दोन बाळाजी, दोन बाजीराव, तीन शिवाजी व तितकेच संभाजी भेटतात. आणि कागदावर साल नसलें म्हणजे तो कोणाचा हें ठरविणें दुर्घट होतें. ही पुनरुक्ति सहजगत्या झालेली नाहीं. मूल जन्मल्यावर त्यास कोणाचें नांव द्यावयाचें याविषयीं घरोघरीं रूढि होती. आणि ती ध्यानांत घेतली म्हणजे जी पुनरुक्ति अडचण वाटते तीच पुराव्याच्या कामीं येते. तो पुरावा कोठवर ताणावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नामकरणाचा विचार शास्त्रग्रंथांत पुष्कळ आहे. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणें दहाव्या दिवशीं पित्यानें नांव ठेवावें. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें व मुलीचें विषम अक्षरांचें असावें. काशीनाथ उपाध्ये यांचा धर्मसिंधु (शके १७१२) देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिकनाम असे चार प्रकार सांगतो. यांपैकीं पहिलीं तीन देवता, मास व नक्षत्र यांवरून ठरतात. चौथें मात्र घराच्या निवडीचें. पत्रांत व सनदांत येतें तें बहुधा हें चौथें. म्हणून जन्मपत्रिकेंतील नाक्षत्रनाम पत्रांतील नांवाशीं जुळलें नाहीं, एवढ्यावरून ती पत्रिका दुसऱ्या कोणाची मानणें धोक्याचें आहे.

व्यावहारिक नांवाची सर्वांत बळकट रूढि म्हणजे नातवास मृत आजोबांचें नांव ठेवणें. नाना फडणिसांच्या घराण्यांत ती स्वच्छ दिसते. आजोबा बाळाजी महादेव भानु १७१९ सालीं दिल्लीस मारले गेले. त्यांचे पुत्र जनार्दन बल्लाळ. आणि नातू, १७४२ त जन्मलेले, बाळाजी जनार्दन. 'बल्लाळ' हें बाळाजीचेंच रूप होय. पेशव्यांकडेहि तोच क्रम. विश्वनाथपंतांचे पुत्र बाळाजी, त्यांचे पुत्र बाजीराव. या बाजीरावांचें मूळचें नांव विसाजी, म्हणजे आजोबांचेंच. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० त वारले, व त्यानंतर जन्मलेला नातू बाळाजी झाला. घरांतील स्त्रिया पतीचें नांव उच्चारीत नसत. बाळाजीपंतांच्या पत्नी राधाबाई १७५३ पर्यंत हयात होत्या. असा नातू घरांत 'नाना' म्हणूनच वावरावा हें रूढीस धरूनच आहे. पत्रांतून नाना, भाऊ, दादा, आप्पा या उपनांवांची जी गर्दी आढळते, तिच्या मुळाशीं हेंहि एक कारण आहे.

भोसल्यांच्या कुळांत या रूढीची दुसरी बाजू दिसते. शिवछत्रपतींस १६५७ सालीं पुरंदरावर पुत्र झाला तेव्हां शहाजीराजे हयात होते. ते १६६४ त निवर्तले. जिवंत वडिलांचें नांव बालकास देण्याची चाल नसल्यानें मुलास कनकगिरीस पडलेल्या वडील चुलत्याचें, संभाजीचें, नांव मिळालें. छत्रपति १६८० त कैलासवासी झाल्यावर १६८२ सालीं जन्मलेला नातू शिवाजी झाला. हेच पुढें शाहू या नांवानें प्रसिद्ध झाले. हें नांव औरंगजेबानें दिलें असें परंपरा सांगते, परंतु मुद्रेंत ते शंभुपुत्र शिवराज असेच आहेत. राजाराममहाराजांनींहि १६९६ त झालेल्या पुत्रास शिवाजी हेंच नांव दिलें व १६९८ तील पुत्रास संभाजी. अशा रीतीनें १७०७ नंतर गादीसाठीं भांडणारे दोघेहि चुलतभाऊ पाळण्यांतले शिवाजीच होत. तंजावरांत व्यंकोजीराजांच्या पुत्रांपैकीं दोघांचीं नांवें शहाजी व शरफोजी. म्हणजे मालोजीराजांचे पुत्र शहाजी व शरीफजी या भावांची जोडीच दोन पिढ्यांनीं पुन्हां अवतरली.

आतां ज्या प्रसंगीं नांव हा दाव्याचा पुरावा म्हणतां येईल काय असा प्रश्न येतो, तो पाहूं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला. गंगाबाईंस पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजीं पुत्र झाला, व चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. रघुनाथरावांस पुढील वर्षी, १० जानेवारी १७७५ रोजीं, धार येथें पुत्र झाला, त्याचें नांव बाजीराव. पहिल्या बाजीरावाचें नांव घेऊन रघुनाथरावांनीं पेशवाईवर हक्क सांगितला, असें म्हणण्याचा मोह होतो. पण रघुनाथराव हे बाजीरावांचेच पुत्र. आजोबांचें नांव नातवास जाणें हा रूढीचाच भाग. १७८४ त झालेल्या धाकट्याचें नांवहि चिमाजी, म्हणजे भावांची तीच जोडी. यावरून राजकीय हेतु सिद्ध होत नाहीं.

पुरंदरावरील बालकाची गोष्ट निराळी. त्याचे आजोबा बाळाजी बाजीराव. रूढीप्रमाणें नांव बाळाजी यावयाचें. दिलें गेलें तें मात्र १७७२ च्या नोव्हेंबरांत वारलेल्या चुलत्याचें, माधवरावांचें. आणि त्यामागें 'सवाई' हें पद लागलें. सवाई म्हणजे सव्वापट. ज्याच्या कारभाराची आठवण ताजी होती त्याच्याहून हा वरचढ निघो, हा आशय त्या पदांतच आहे. विश्वासरावांच्या नांवावरून दिसतें कीं, ही रूढि त्या घरांतहि अबाधित नव्हती; बाजीराव १७४० त वारले असतां १७४२ तील या ज्येष्ठ नातवास बाजीराव नांव दिलें नाहीं. म्हणून केवळ रूढिभंगावरून हेतु काढूं नये. रूढिभंग, मृत्यूचा निकट काळ व जोडलेलें पद, हीं तिन्ही एकत्र आलीं तरच अनुमान टिकतें.

याशिवाय एक सावधगिरी अवश्य आहे. पाळण्यांतील नांव जन्मभर टिकतेंच असें नाहीं. दत्तविधानानें तें पालटे: भागीरथराव १८४३ त जयाजीराव शिंदे झाले, गोपाळराव १८७५ त सयाजीराव गायकवाड, व कागलचे यशवंतराव १८८४ त कोल्हापूरचे शाहू. झांशीस १८५३ सालीं दत्तक घेतलेल्या आनंदरावास तर अल्पवयांत वारलेल्या औरस पुत्राचें, दामोदर हें, नांव दिलें गेलें. स्त्रियांचें नांव विवाहानें पालटे. त्याच राणीचें माहेरचें नांव मणिकर्णिका, १८४२ त विवाहानंतर लक्ष्मीबाई. दोन नांवें भेटलीं म्हणजे दोन व्यक्ति असें नव्हे, आणि एकच नांव भेटलें म्हणजे एकच व्यक्ति असेंहि नव्हे.

तेव्हां नांव, पित्याचें नांव, आडनांव व काळ हीं चारहि जुळल्याखेरीज व्यक्ति ठरवूं नये. हें जुळविण्याचें साधन मोठ्या सनदांपेक्षां घरगुती कागदांत अधिक सांपडतें: जन्मपत्रिका, बारशाच्या खर्चाचें टांचण, अहेराची यादी. दप्तर निवडतांना असे चिठोरे निरुपयोगी म्हणून वेगळे काढले जातात व लौकरच नाहींसे होतात. परंतु ज्या दिवशीं मुलास नांव मिळालें त्या दिवसाची नोंद हाच वंशावळीचा पहिला आधार होय. संग्राहकांनीं ते चिठोरे ज्या रुमालांत मिळाले त्याच रुमालांत, मूळ क्रम न मोडतां, जतन करावे, इतकीच विनंती.