महाग खरेदी आणि हक्काचा दावा

१. प्रश्नाची मांडणी

बिदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात संक्रांतीच्या सुमारास तुरीच्या राशी होतात, अडत दुकानातून पट्टी हाती पडते आणि पाठोपाठ लग्नसराई सुरू होते. भालकी-औरादची माणसे उदगीर-लातूरला, आळंदची सोलापूरला खरेदीला निघतात. सोने, बुलेट, भिंतभर टीव्ही, हजार पानांचे जेवण. या खर्चाचे समर्थन बहुधा एका वाक्यात उरकते: ‘एवढं राबलो, आता एवढा तर आपला हक्क आहे.’ वस्तू परवडते का, याचा हिशेब निदान काही घरांत तरी होतो. ती आपल्याला मिळायलाच हवी, हा दावा मात्र कोणी तपासत नाही. या विवेचनाचा विषय तो दावा आहे.

२. हक्काचे दोन प्रकार

अमेरिकन न्यायशास्त्रज्ञ वेस्ली होफेल्ड याने १९१३ मध्ये दाखवून दिले, की ज्यांना आपण सरसकट हक्क म्हणतो ते संबंध एकाच जातीचे नसतात. त्यांतले दोन येथे पुरेत. पहिला मुभेचा: अमुक करायला मला मनाई नाही. दुसरा येण्याचा: अमुक मला देणे दुसऱ्या कोणावर बंधनकारक आहे. येण्याला देणेकरी लागतो, मुभेला लागत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव आणि दागिने टाकायला सांगितले. तो मुभेचा प्रश्न होता. ज्यांच्या चांगल्या लुगड्याला, सोन्याला, वरातीच्या घोड्याला गाव आडवे येत होते, त्यांनी ती मनाई मोडण्यासाठी केलेल्या खर्चाला उधळपट्टी म्हणता येत नाही. येण्याचे उदाहरण याच भागात आहे. ९८व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१(जे)मुळे पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटकातील जिल्ह्यांना शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत आरक्षण मिळाले. येथे मागणारा ठरलेला आहे आणि देणारे राज्यही.

दुकानात उच्चारला जाणारा हक्क असतो मुभेचा, पण बोलतो येण्याच्या भाषेत. म्हणून त्याला एकच प्रश्न विचारायचा: देणेकरी कोण?

३. चार दावे आणि त्यांचे परीक्षण

(अ) श्रमाचा दावा. ‘मी राबलो, म्हणून मला हवे.’ चौघांतला हा सर्वांत वजनदार. राबणाऱ्याचे येणे खरे असते, पण ते मजुरीपुरते किंवा मालाच्या भावापुरते, आणि पट्टी मिळाली की ते फिटते. त्या पैशातून अमुकच वस्तू मिळावी, असे नवे येणे तयार होत नाही. शिवाय पट्टीची सगळी रक्कम हातात येईपर्यंत आपली राहिलेली नसते. पेरणीला घेतलेली उचल अडत्याने कापलेली असते, सोसायटीचे कर्ज उभे असते, राशीच्या मजुरांचे पैसे द्यायचे असतात. हेही श्रमाचेच दावे, आणि आपल्या दाव्याच्या आधीचे.

बसवकल्याणच्या शरण परंपरेत याच दाव्याची एक कथा आहे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून निर्वाह करी. एके दिवशी त्याने रोजच्याहून जास्त तांदूळ आणले, तर पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला सांगितले. वेचण्याचे कष्ट मारय्याचेच होते, हे तिने नाकारले नाही. कष्टातून गरजेपुरते आपले होते, वाढीव आपोआप आपले होत नाही, असा तिचा निवाडा. तो बाराव्या शतकाइतकाच आजही कडक वाटेल. पण श्रमाला मर्यादित हक्क असतो, हा विचार या मातीला परका नाही, एवढे त्यातून नक्की होते.

(आ) वंचनेचा दावा. ‘आजवर स्वतःसाठी काही केलं नाही.’ हा दावा गंभीरपणे घेतला, की तो मागणाऱ्याच्या हातून निसटतो. घरात सर्वांत जास्त मन कोणी मारले? बहुधा जिच्या पाटल्या गहाण पडल्या तिने, किंवा जिचे कॉलेज बारावीनंतर थांबले तिने. त्यांचे येणे खरे आहे आणि देणेकरी घरातच आहे. तरीही वंचनेच्या नावाने येते ती घरच्या कर्त्याची गाडी. वंचना एकाची, भरपाई दुसऱ्याला.

(इ) बरोबरीचा दावा. ‘भावकीत सगळ्यांकडे आहे.’ माणूस आपला खर्च शेजाऱ्याच्या खर्चावरून ठरवतो, हे जेम्स ड्यूझेनबेरी याने १९४९ मध्ये मांडले. कलम ३७१(जे)मागेही बरोबरीचीच मागणी होती, पण ती संधीची आणि राज्याकडे केलेली. चुलत्याने बुलेट घेतली म्हणून मला ती द्यायला कोणीच बांधलेला नाही. शिवाय ही बरोबरी कधी पुरी होत नाही, कारण आपण पोहोचेपर्यंत भावकी पुढे सरकलेली असते.

(ई) मानाचा दावा. ‘घराण्याला शोभलं पाहिजे.’ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दाखवले, की दिखाऊ खर्चात वस्तूच्या उपयोगापेक्षा पाहणाऱ्याचे मत विकत घेतले जाते. या दाव्याला एक देणेकरी सापडतो, तो म्हणजे मुलीचा बाप. मानपान आणि हुंडा येथून निघतात. नसलेले येणे वसूल करायला माणूस नेमला, की हक्काच्या भावनेचे जुलमात रूपांतर होते.

४. महमूद गवानची दोन खाती

पर्यायी हिशेबाचा नमुना बिदरमध्येच सापडतो. महमूद गवान १४५३ मध्ये गिलानहून व्यापारी म्हणून बिदरला आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बांधलेला मदरसा आजही शहरात उभा आहे. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याला ठार मारले गेले. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की त्यानंतर त्याच्या संपत्तीची चौकशी झाली तेव्हा दोन वेगळी खाती निघाली. जहागिरीचे उत्पन्न सैन्य आणि राज्यकामावर जाई. स्वतःचा साधा खर्च तो व्यापारात गुंतवलेल्या मूळ भांडवलाच्या नफ्यातून भागवी आणि उरलेले गोरगरिबांना देई.

पदावरच्या माणसाला ‘एवढं राज्य चालवतो, एवढं तर मला हवंच’ असे म्हणणे सर्वांत सोपे असते. गवानने पैसा कोणत्या खात्यातला आहे ते आधी ठरवले, त्यामुळे लायकीचा प्रश्न उद्भवलाच नाही.

५. एक आक्षेप

मग महाग वस्तू घ्यायचीच नाही का? तसे येथे म्हटलेले नाही. बिदरी सुरईचे उदाहरण घ्या. जस्त-तांब्याचे ओतकाम, हाताने कोरलेल्या रेषांत ठोकलेली चांदीची तार आणि किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग, यांमुळे ती महाग होते. त्या किमतीत येणे आहे ते कारागिराचे, आणि ते पूर्ण द्यावे. घेणाऱ्याला मुभा आहे, आवड आहे आणि पैसा मोकळा असेल तर अडचण काहीच नाही. आवडले म्हणून घेतले, हे प्रामाणिक कारण आहे. त्यात इतरांवर काही लादले जात नाही आणि चूक झाली तर कबूल करता येते. हक्क म्हणून घेतलेल्या वस्तूची चूक कबूल करणे अवघड, कारण तेथे आधी आपला हक्कच चुकीचा ठरवावा लागतो.

६. निष्कर्ष

पहिला, वस्तू विकत घेण्यासाठी लायकी सिद्ध करावी लागत नाही, म्हणून लायकी हे खरेदीचे कारणही होऊ शकत नाही. दुसरा, ज्या हक्काला देणेकरी नाही त्याची रक्कम घरातल्या सर्वांत गप्प माणसाच्या वाट्यातून निघते. तिसरा, म्हणून खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न दोनच: हा पैसा कोणत्या खात्यातला, आणि त्यावर आपल्या आधी कोणाचे येणे आहे? उत्तर देताना ते येणे असणारी व्यक्ती समोर बसलेली असावी.