स्ट्राड फॉन झारोविच

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन भूमिकाखेळातील खलपात्र; बारोव्हिया या काल्पनिक प्रदेशाचा रक्तपिपासू सरदार. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) या साहसासाठी ते घडवले. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर त्याचे मन जडले. लग्नाच्या दिवशीच त्याने भावाचा खून केला आणि तिने किल्ल्यावरून उडी घेतली. प्रेमभंगाची ही कथा तशी जुन्याच वळणाची. दहशत आहे ती त्याच्या वागण्याची. तळघराच्या शेवटच्या दालनात नायकांची वाट पाहत न बसता तो स्वतःच त्यांच्या मागावर निघतो, हल्ला करतो, अंगाशी येताच माघार घेतो. त्याचा हेतू आणि त्याच्याविरुद्धच्या शस्त्राची जागा पत्ते काढून ठरते. त्यामुळे प्रत्येक डाव वेगळा होतो. ‘कर्स ऑफ स्ट्राड’ (२०१६) या साहसात तो पुन्हा अवतरला.