‘को ८६०३२’ मधला ‘को’ नेमका कुठला?

कोल्हापूर-सांगलीकडे कुणालाही विचारा, ‘कोणता ऊस लावलाय?’ ‘८६०३२’ हे उत्तर कानावर पडणारच. कागदोपत्री तो ‘को ८६०३२’. आता हा ‘को’ कोल्हापूरचा नाही बरं का, कोइमतूरचा.

तमिळनाडूतल्या कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तेव्हा अडचण अशी होती की, जाड, गोड ऊस उत्तरेतल्या थंडीत तग धरत नव्हता आणि तिकडचा देशी ऊस काटक असला तरी बारीक होता. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी मग ‘वेल्लई’ या गोड उसाचा संकर थेट रानगवताशी केला. नदीकाठी पांढरे तुरे घेऊन उभं असतं ना, हिंदीत ‘कांस’ म्हणतात, तेच गवत. त्यातून १९१८ मध्ये ‘को २०५’ आला. गोडी उसाची, चिवटपणा गवताचा.

आजच्या वाणांतही साधारण १० ते २० टक्के गुणसूत्रं या गवताची असतात. एकूण गुणसूत्रं शंभरच्या वर, माणसात फक्त ४६. त्यामुळे कुठल्या रोपात काय उतरेल याचा नेम नाही, आणि एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. गंमत म्हणजे तुरा आला की शेतकऱ्याला टेन्शन, कारण उसाची वाढ थांबते. संशोधकाला मात्र तुराच हवा, बी त्यातच असतं. कोइमतूरला तुरा चांगला येतो, म्हणून राज्याराज्यांतले संशोधक संकरासाठी तिथं जातात.

शेतात लागण होते ती टिपऱ्यांची. म्हणजे एका वाणाचा प्रत्येक ऊस दुसऱ्याची झेरॉक्स. एकाला रोग लागला की सगळ्यांना धोका. उत्तर प्रदेशात हेच झालं. तिथं ‘को ०२३८’ इतका चालला की एका टप्प्यावर ८० टक्क्यांहून जास्त ऊसक्षेत्र त्याच्याच खाली होतं. मग त्यावर लाल कूज हा बुरशीजन्य रोग पसरला आणि ‘हा वाण कमी करा’ असं सरकारलाच सांगावं लागलं. महाराष्ट्रातही मोठं क्षेत्र ८६०३२ आणि फुले २६५ या दोनच वाणांखाली आहे.

नव्या रोगाला तोंड देणारा गुण शोधायचा तर जुने आणि रानटी ऊस हाताशी हवेत. असा जगातला एक मोठा संग्रह केरळमधल्या कन्नूरला आहे. तोही फ्रीजमध्ये नाही, शेतात, पुन्हा पुन्हा लागण करून जिवंत ठेवलेला.