दौंडची रेल्वे वसाहत : व्हिक्टोरियन बैठी घरे

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस भीमेकाठी असलेल्या दौंड जंक्शनलगतची ब्रिटिश अमदानीतील निवासी वास्तुरचना. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुणे–डिकसळ मार्ग १८५८ मध्ये दौंडवरून सुरू झाला. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा येऊन मिळाला आणि गार्ड, ड्रायव्हर, फिटर यांच्या राहण्याची सोय करणे भाग पडले. शेजारच्या शिरूरला (घोडनदी) त्याआधीच इंग्रजी छावणी होती. मात्र छावणीतले बंगले अधिकाऱ्यांचे, तर दौंडची घरे कामगारांची. म्हणूनच ती अधिक मोलाची.

या धर्तीच्या घराचे जोते काळ्या पाषाणाचे, भिंती जाड व चुन्यात बांधलेल्या, दारे-खिडक्यांवर कमानी. तावदानांऐवजी झिलमिल्यांच्या सागवानी झडपा : वारा आत येतो, धग बाहेर राहते. पुढे पडवी, वळचणीला कातीव लाकडी झालर, एवढीच काय ती हौस. स्वयंपाकघर मागे, घरापासून सुटे बांधलेले. छपराचा उतार विलायती घरासारखाच तीव्र. दौंड अवर्षणप्रवण, त्यामुळे पाण्याच्या निचऱ्यासाठी इतक्या उताराची गरज नव्हती. पण त्याने खोलीला उंची मिळाली आणि तापलेली हवा वर चढून झरोक्यांतून, कौलांच्या फटींतून निघून जाऊ लागली. इंग्लंडातल्या मूळ घराची सारी धडपड ऊब कोंडण्याची. इथे तेच घर ऊन अडवायला शिकले. रचनेतला हा बदल कोणा नामवंत वास्तुविशारदाच्या नावावर नाही, तरी तो अस्सल बुद्धीचा आहे.

बांधकामाचे सामानही रुळांवरूनच येई. छपरावरच्या मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बाझेल मिशनने १८६५ मध्ये काढला. शहाबादी फरशीची खाण याच मार्गावर सोलापूरच्या पुढे. रेल्वे वसाहतींत जुन्या रुळांचे तुकडेही तुळया आणि कुंपणाचे खांब म्हणून कामी येत.

मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा जगभर गौरव झाला. पण रेल्वे चालवणाऱ्या माणसांच्या घरांची साधी मोजमापेही क्वचितच घेतली जातात. कौले उतरवून पत्रे चढवण्याआधी आणि झडपा भंगारात जाण्याआधी, पुण्यातील वास्तुकला महाविद्यालयांनी या घरांचे आराखडे काढून घ्यावेत.