लुकलुकणारी शिरोरेषा

पुण्याच्या पेठांमधल्या डीटीपीच्या दुकानांत १९९० नंतरची काही वर्षं मालक आणि ऑपरेटर यांच्यात एक भांडण ठरलेलं असायचं. मालकाला स्क्रीनवर पानाची अख्खी रुंदी दिसायला हवी असे, ऑपरेटरला संध्याकाळी घरी जाताना डोकं जागेवर हवं असे. मी ऑपरेटर होते, त्यामुळे माझी बाजू कोणती हे सांगायला नको. गणपती उठले आणि दिवाळी अंकांचं काम आलं की हे भांडण रोजचंच. त्याचं मूळ आमच्या दुकानात नव्हतं. ते मॉनिटरच्या माहितीपत्रकातल्या, कुणीच न वाचणाऱ्या पानावरच्या एका आकड्यात होतं, आणि त्या आकड्याचं मूळ अमेरिकेतल्या टीव्हीत.

सुरुवात जरा मागून करते. आयबीएमने १९८१ साली पीसी आणला तेव्हा त्याचं मोनोक्रोम कार्ड फक्त अक्षरं दाखवायचं. ८० स्तंभ, २५ ओळी आणि प्रत्येक अक्षराला ९ बाय १४ ठिपक्यांची चौकट. अक्षरांचे साचे कार्डावरच्या रॉममध्ये बसवलेले, आणि ते अर्थातच रोमन. चित्र सेकंदाला ५० वेळा उमटायचं, पण हिरव्या नळीतला फॉस्फर इतका रेंगाळणारा की फडफड जाणवायची नाही. मजकूर वर सरकवला की मागे हिरवी सावली राहायची, एवढंच.

या कार्डावर रोमन सोडून दुसरी लिपी उमटवायची सोय नव्हती. ती कळ जाणवली व्हॅन सुवन्नुकूल या थाई माणसाला. पीएचडीच्या कामासाठी त्याला पीसीवर थाई अक्षरं हवी होती. त्यातून १९८२ साली हर्क्युलिस कार्ड आलं. त्याच मॉनिटरवर, पण आता ७२० बाय ३४८ ठिपके, एकेक ठिपका आपल्या ताब्यात. ३५० सोडून ३४८ का, तर कार्डावरची मोटोरोला ६८४५ ही चिप उभी मोजणी अक्षरांच्या ओळींत करते. चार-चार रेघांच्या ८७ ओळी धरल्या की ३४८ होतात. पीसीच्या काळ्या-हिरव्या पडद्यावर चित्र काढायची सोय एका आशियाई लिपीच्या अडचणीतून आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने वेगळी वाट धरली. त्यांचं जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डॉसमधल्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी टाइप करता यायचं.

याच ६८४५ चिपमुळे सॉफ्टवेअरने हार्डवेअर जाळता येतं ही दहशत पसरली. चिपमध्ये चुकीचे आकडे भरले तर आयबीएमचा मोनोक्रोम मॉनिटर खरोखर खराब होऊ शकत असे, कारण त्याला येणारा सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कधी सुरू करायचं याचा इशारा, तपासायची अक्कल नव्हती. मिळेल त्या तालावर तो नाचायचा.

मग १९८७ साली व्हीजीए आलं. ६४० बाय ४८०, सेकंदाला ६० चित्रं. इथून पुढचं सगळं गणित या एका मोडवरून समजतं. कार्ड सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार ठिपके टाकतं. दिसणारे ठिपके ओळीला ६४०, पण किरणाला उजव्या टोकाहून डावीकडे परतायला वेळ लागतो. तोही ठिपक्यांतच मोजायचा, म्हणून ओळ ८०० ची. तसंच खालून वर परतायला काही ओळी जातात, म्हणून ४८० च्या ५२५. भागाकार करा, ५९.९४ येतं. सेकंदाला साधारण ३१,५०० ओळी, म्हणजे ३१.५ किलोहर्ट्झ. अमेरिकन टीव्हीच्या १५.७३ ची बरोब्बर दुप्पट! संगणकाचा पडदा टीव्हीच्याच कुळातला, आणि कुळाचा वारसा असा आकड्यांत राहतो.

किती ओळी आणि सेकंदाला किती वेळा, यांचा गुणाकार मॉनिटर सोसेल तेवढाच हवा. आमच्या वाट्याला येणारे चौदा इंची मॉनिटर फार तर ४८ किलोहर्ट्झपर्यंत जायचे, त्याआधीचे ३५.५ वरच थांबायचे. आता मालकाची मागणी बघा. विंडोजच्या ९६ ठिपके प्रतिइंच या हिशेबाने ए-फोर कागदाची रुंदी ७९४ ठिपके होते. ६४० मध्ये ती मावत नाही. ८०० मध्ये मावते, पण पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमचा टूलबॉक्स मजकुरावर येऊन बसतो. म्हणून हवं १०२४ बाय ७६८. त्याच्या एकूण ओळी ८०६, साठने गुणलं की ४८.४ किलोहर्ट्झ. मॉनिटरची मर्यादा ४८. त्या शून्य दशांश चारने आमच्या पिढीतल्या किती जणींना चष्मा लावला, कोण जाणे.

यावर उपायही आयबीएमनेच १९८७ साली ८५१४/ए या कार्डात काढून ठेवला होता. त्याचं नाव इंटरलेस. एका फेरीत विषम ओळी काढायच्या, दुसरीत सम. माहितीपत्रकात लिहिलेलं असायचं ८७ हर्ट्झ. वाचणाऱ्याला वाटायचं, वा, साठपेक्षा किती सरस! प्रत्यक्षात पूर्ण चित्र सेकंदाला ४३.५ वेळाच व्हायचं. मॉनिटर ३५.५ किलोहर्ट्झवर खूश, मालक पानाच्या रुंदीवर खूश.

आणि इथे देवनागरी गोत्यात आली. इंटरलेसमध्ये फोटो किंवा रंगाचा पट्टा फारसा हलत नाही, कारण शेजारच्या दोन ओळी साधारण सारख्याच असतात आणि एकमेकींची उणीव भरून काढतात. त्रास होतो तो एकाच ठिपक्याच्या जाडीच्या आडव्या रेघेचा. ती एकाच फेरीत उमटते, दुसऱ्या फेरीत तिच्या जागी काहीच नसतं. इंग्रजी मजकुरात अशा रेघा तुटक असतात, टीच्या डोक्यावर, ईच्या मधोमध. मराठीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर सलग शिरोरेषा. बारा पॉइंटचा मजकूर शंभर टक्क्यांवर ठेवला की अक्षराला वर मात्रा आणि खाली उकार धरून जेमतेम सोळा ठिपके मिळतात, शिरोरेषेच्या वाट्याला त्यातला एक. मग पानभर पस्तीस-चाळीस रेघा एकदम थरथरायच्या. शेजारच्या टेबलावर इंग्रजी वार्षिक अहवाल लावणारा मुलगा त्याच मॉनिटरवर निवांत काम करायचा, आणि आमची तक्रार मालकाला नखरा वाटायची. आम्ही दोनशे टक्के झूम करून टाइप करायचो, म्हणजे शिरोरेषा दोन ओळींची व्हायची आणि स्थिर दिसायची. पण मग पान दिसायचं नाही, आणि ज्यासाठी १०२४ घेतलं तेच वाया.

माझ्या मते योग्य तडजोड ८०० बाय ६०० आणि ७५ हर्ट्झ हीच होती. एकूण ओळी ६२५, गुणिले ७५, म्हणजे ४६.९ किलोहर्ट्झ, अठ्ठेचाळीसच्या आत. (आपल्या दूरदर्शनच्या चित्रातही तेव्हा ओळी ६२५ च असायच्या. हा मात्र योगायोग.) मालकाला पटवायला आमच्याकडे पेन्सिल होती. पडद्यासमोर ती भराभर हलवायची. चाळीस-पन्नासवर पेन्सिली सुट्या सुट्या आणि लांब लांब दिसतात, पंचाहत्तरवर दाट. पडद्याकडे तिरक्या नजरेने बघितलं तरी फडफड उघडी पडते, कारण डोळ्याच्या कडेला ती जास्त जाणवते.

हर्ट्झ वाढवून न सुटणारा प्रकारही होता. मॉनिटरला चिकटून स्टॅबिलायझर ठेवलेला असला की अक्षरं पाण्यात असल्यासारखी डुलायची. विजेचे ५० हर्ट्झ, चित्राचे ६०, फरक १०, म्हणून सेकंदाला दहा डुलक्या. रेट ७५ केला की डुलणं पंचवीसवर जायचं आणि त्याची शिरशिरी व्हायची. ‘मॉनिटर गेला’ म्हणून बोलावलं की मी आधी स्टॅबिलायझर दोन फूट लांब सरकवायची.

सेटिंग बदलणं हे तेव्हा धाडसाचं काम. विंडोज ३.१ मध्ये चुकीचा ड्रायव्हर पडला की पडदा काळा. मग डॉसवर येऊन विंडोजच्या डिरेक्टरीतला सेटअप चालवायचा आणि साधं व्हीजीए निवडून परत यायचं. कार्डावर १ एमबी मेमरी असली तर १०२४ वर २५६ रंगच मिळायचे. हजारो रंग हवे असतील तर दीड एमबी लागायची, म्हणजे चिपा आणायला तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. विंडोज ९५ ने पंधरा सेकंदांची सोय दिली: चित्र दिसलं नाही तर काही करू नका, जुनं आपोआप परत येईल. पण पडदा काळा पडून मॉनिटर किणकिणायला लागल्यावर पंधरा सेकंद हात बांधून बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळे वायरच ओढायचे.

खरी मोकळीक लिनक्सने दिली. पीसी क्वेस्ट मासिकासोबतच्या सीडीवर तो आला, आणि त्यातला पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम, एक्स-फ्री-८६, थेट विचारायचा: तुमचा मॉनिटर किती किलोहर्ट्झ ते किती? जास्त सांगाल तर मॉनिटरचं काही खरं नाही, हेही बजावायचा. माहितीपत्रक थर्माकोलसोबत केव्हाच रद्दीत गेलेलं असायचं. पण आकडे हाती असले तर कॉन्फिग फाइलमध्ये आपली स्वतःची मोडलाइन, म्हणजे मोडचे सगळे आकडे एका ओळीत, लिहिता यायची. परतीचा वेळ किंचित कापून १०२४ बाय ७६८ साठ हर्ट्झवर अठ्ठेचाळीसच्या आत बसवता येतं, हे मी तिथे शिकले. चित्र एका कडेला सरकायचं, ते मॉनिटरच्या नॉबने मधे आणायचं.

दरम्यान व्हेसा या संघटनेने १९९४ साली मॉनिटरला आपली ओळख सांगायला शिकवलं. १२८ बाइटची ही माहिती व्हीजीए केबलच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून कार्डाकडे जाते, आणि विचारपूस संपते. स्वीडनच्या टीसीओ-९९ या प्रमाणपत्राने किमान ८५ हर्ट्झचा आग्रह धरला. पंधरा-सतरा इंची मॉनिटर ७० किलोहर्ट्झपर्यंत गेले तेव्हा १०२४ वर ते ८५ बसूही लागले. मग एलसीडी आले. त्यात ठिपका दोन चित्रांच्या मधे विझत नाही, त्यामुळे साठ पुरतात. जुन्या सवयीने एलसीडीवरही ७५ शोधणारे लोक आहेत. त्याने काही फडफड कमी होत नाही, कारण कमी व्हायला ती नसतेच.

आकडे मात्र अजून लागतात. अलीकडेच भाचीने सतरा इंची जुना एलसीडी स्वस्तातल्या कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडला. त्या केबलमध्ये पिनांच्या तारा पूर्ण नव्हत्या, म्हणून लिनक्सला मॉनिटर ओळखताच आला नाही. त्याने १०२४ बाय ७६८ च दिलं. अक्षरं पुसट, वर्तुळं उभट. “मावशी, ह्यात १२८० बाय १०२४ येतच नाहीये,” ती म्हणाली. तिला लिहून दिलं: १०८ मेगाहर्ट्झ, ओळ १६८८ ची, एकूण ओळी १०६६, आणि मधले सिंकचे आकडे. एक्स-रँडर या लिनक्सच्या पडदा बदलायच्या आज्ञेला ते सांगितल्यावर पडदा एकदा काळा झाला. तिचा हात वायरकडे गेला, तो मी धरला.